तुळजावरचा शेरा

"दिवा लागला का तोंड मिटाचा, तुळजे. पोथी पुरी होयपर्यंत सबूद न्हाय. मी नसले तरी यो नेम मोडू नको."

आक्काने, तुळजाच्या सासूने, हे सांगितलं तेव्हा तिला धड श्वासही घेता येत नव्हता. तुळजाने तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं. त्याला सहा वर्षं झाली. काल्हेरचं शेत गोडाऊनखाली गेलं, घर गेलं, भिवंडीत तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड आलं, पण नेम काही मोडला नाही. खाली कापडाच्या लूमची खडखड आणि वर तुळजाची मुकी तिन्हीसांज. दिवा लागला की पोथीचा अध्याय संपेपर्यंत तिच्याकडून कुणी शब्दाची आशा करायची नाही. मुलगी उन्नती खुणांवरच वाढली होती. एक बोट वर म्हणजे थांब. पाटावर दोन टिचक्या म्हणजे दूध उतू चाललंय.

उन्नती सातवीत गेली, त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचं प्रगतिपुस्तक घरी आलं. मार्क बरे होते. खाली मात्र बाईंनी लाल शाईने इंग्रजीत एक ओळ लिहिली होती. तुळजाची शाळा मराठी, तीही सातवीपर्यंतच. तरी अक्षराला अक्षर जोडून तिने पहिला शब्द लावला, 'मदर', आणि पुस्तक उन्नतीपुढे धरलं.

"हे काय गं लिहिलंय माझ्याबद्दल?"

"काही नाही गं. सगळ्यांनाच लिहितात."

"सगळ्यांच्या आयांना?"

उन्नतीने पुस्तक हातातून घेतलं आणि एका दमात वाचलं, "मदर शुड बी मोअर इन्व्हॉल्व्ड. झालं?"

"म्हणजे?"

"म्हणजे... इन्व्हॉल्व्ड," असं म्हणून ती दप्तर ठेवायला आत निघून गेली.

रात्री जेवताना तुळजाने नवऱ्याला विचारलं. केसरीनाथ गोडाऊनची भाडी सांभाळायचा, रोजचा पेपर वाचायचा.

"इन्व्हॉल्व? अगो, परवा न्हाय का, वडप्याला गोडाऊनातले टायर चोरीला गेले? त्यात दोन ड्रायव्हर इन्व्हॉल्व होते. पोलिसांनी उचलले."

"मी काय चोरलंय?"

"चोरलं तर असशीलच. त्याशिवाय बाई 'आणखी' कशाला लिहील?" आपल्याच विनोदावर हसता हसता त्याला ठसका लागला. तुळजाने पाण्याचा तांब्या पुढे केला, पण तिला काही हसू आलं नाही.

रविवारी दुपारी ती वाटीत गूळपापडी घेऊन समोरच्या दारी गेली. तिथे दीक्षा राहायची. बँकेत नोकरीला होती आणि तिच्याकडे विटेएवढा जाड शब्दकोश होता. दीक्षाने एक वडी तोंडात टाकली आणि पानावर बोट फिरवत ती वाचू लागली.

"गुंतलेला. सामील. गढलेला. मग असेच जवळचे शब्द दिलेत. मग्न, रममाण, तल्लीन..."

"तल्लीन?" तुळजा पुढे सरकली. "अगं, कीर्तनाचे बुवा माझ्याबद्दल हेच म्हणाले होते. चारचौघांत. पोथीला बसते तेव्हा डोक्यावर पंखा पडला तरी मला कळायचं नाही. मग बाईंना आणखी काय पाहिजे?"

"ताई, तल्लीन खरं, पण..." दीक्षा दुसऱ्याच्या देवाबद्दल जपून बोलायची. वाटी विसळून तिने परत दिली. "बाईंनाच भेटून विचारा ना."

"इंग्रजीत?"

"मराठीच आहेत हो त्या. कल्याणच्या."

तुळजा काही गेली नाही. तिने ते सगळे शब्द कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले आणि पोळ्या लाटताना एकेक करून घोळवत राहिली. गुंतलेली तर ती होतीच. गढलेली होती. मग कमी कुठे पडते? सामील हा शब्द तिला लग्नाच्या वऱ्हाडासारखा वाटला, तो तिने बाजूला ठेवला. काही उमगेना. पण बाईंनी आणखी म्हटलंय तर आणखी करायला हवं, आणि आणखी करण्याची तिला एकच रीत ठाऊक होती. सोमवारपासून तिने पोथीचा दुसरा अध्याय धरला, उन्नतीच्या नावाने. मौन अर्ध्या तासाने लांबलं.

"माझ्यासाठी?" उन्नतीने विचारलं.

"तुझ्यासाठीच. आता झाले की नाही मी आणखी इन्व्हॉल्व्ड?"

उन्नतीने दप्तरातून वही काढली. मग म्हणाली, "बरं."

आठवड्याभराने, ती दुसऱ्या अध्यायात असताना लाइट गेली. खालचे लूम एकदम थांबले. सगळी गल्ली अशी गप्प झाली की समईची वात तडतडलेली ऐकू आली, आणि पडद्यापलीकडून उन्नतीचा आवाज.

"आई, भाषणाची सुरुवात गरम पाण्याच्या कुंडांपासून करू, की देवळापासून?"

तुळजाने मान वर केली. पण उत्तर तिकडूनच आलं, हळू, दबक्या, सावकाश सुरात. थेट तुळजाच्याच.

"देवळापासून कर गं. वज्रेश्वरीचं सांगायचं तर आधी देवी."

"आणि मधेच विसरले तर?"

"तर माझ्याकडे बघ. मी समोरच बसलेली असेन."

"खरंच येशील?"

तुळजाने पडद्याच्या फटीतून पाहिलं. मेणबत्तीसमोर एकटीच बसलेली उन्नती स्वतःलाच एक बोट वर करून दाखवत होती. थांब.

तुळजाचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. उरलेला अध्याय तिने पुरा केला, पण त्यातली एक ओवी आठवेल तर शपथ. पोथी बांधून ती आत गेली.

"कधी आहे गं?"

"काय?"

"तुझं भाषण."

उन्नतीने वही मिटली. "गुरुवारी. साडेसहाला. पालकांना बोलावलंय. तू नको येऊस, तुझी पोथी असते."

"येते मी."

"बाई सगळ्यांच्या आयांशी बोलतात, आई."

"येते म्हटलं ना."

बोलून तर बसली, आणि मग तीन दिवस तिच्या डोक्यात नुसता गुंता. आक्काला दिलेला शब्द आधीचा. पोरीला दिलेला नंतरचा. आधीचा मोठा की नंतरचा? तिने फोटोतल्या आक्काकडे पाहिलं. आक्का नेहमीसारखीच गप्प. शेवटी नवऱ्याला विचारलं, "अहो, एक दिवस पोथी दुपारी वाचली तर चालेल?"

"मला काय विचारतेस? मी आईला जिती असताना कदी काय विचारलं न्हाय, आता काय विचारू?"

गुरुवारी उन्नती दुपारीच शाळेत गेली. सहा वाजता तुळजाने दिवा लावला. तोंड मिटलं. पोथी उघडली, खुणेचं मोरपीस पहिल्या पानावर ठेवलं आणि पोथी पुन्हा मिटली. हे वाचलं म्हणायचं की नाही, कोण जाणे. जिना उतरताना तिला वाटलं, तिथे जाऊन नुसतं बसलं, मुक्यानेच, तर दोन्ही शब्द राहतील का?

खाली रिक्षा उभी होती.

"किधर जाना है, भाभी?"

तुळजाने समोर हात केला.

"सीधा तो ठीक है. सीधा किधर? दवाखाना? बाजार?"

तिने वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत समईचा पिवळा उजेड हलत होता.

"शाळेत," ती म्हणाली. लूमच्या खडखडीत ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

"क्या?"

"शाळेत जायचंय. मुलीच्या शाळेत," ती मोठ्याने म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून आत बसली.