भाषेचा खण

मित्रांनो, तुम्ही वाचनालयात जाता, यंत्रावर चार अक्षरे टंकता आणि पुस्तक कुठल्या फळीवर आहे ते तुम्हाला तिथल्या तिथे कळते. तुमच्या आजोबांना ते मी सांगत असे. मी सूचीचे कपाट आहे. किती जुने, ते मलाच नीट आठवत नाही, आणि आठवले तरी मी खरे सांगेन याची हमी कोणी देऊ नये.

ज्या झाडापासून मी झालो ते एवढे मोठे होते, की त्याच्या सावलीत शिरलेली एक पलटण वाट चुकली आणि पलीकडून बाहेर पडली तेव्हा शिपायांच्या दाढ्या पांढऱ्या झाल्या होत्या. हे मला करवतीने सांगितले. करवत तोंडाळ असते, पण खोटे बोलत नाही. सुतार मात्र अस्सल होता. त्याने माझे खण असे घोटून बसवले की एक आत लोटला की हवेच्या दाबाने शेजारचा आपोआप बाहेर डोकावे. वाचनालयाच्या साहेबांना तो चहाटळपणा वाटे. ते त्याला दटावून आत ढकलत, आणि मग तिसराच बाहेर येई.

माझ्या पोटात कार्डे असत. प्रत्येक कार्डाच्या बुडाशी एक भोक आणि सगळ्या भोकांतून ओवलेली पितळी सळई. वाचकाने कार्ड वाचावे, उपटून खिशात घालू नये, म्हणून ही तजवीज. एका पुस्तकाची निदान तीन कार्डे होत. एक लेखकाच्या नावाचे, एक पुस्तकाच्या नावाचे आणि एक विषयाचे. विषय कार्डाच्या डोक्यावर लाल शाईने लिहिलेला असे. पुस्तक कशाबद्दल आहे, ते त्या लाल ओळीवरून ठरे. आता मी लाकूड. कोणी काय लिहिले त्याचे मला सोयरसुतक नव्हते. लिहितील ते पोटात ठेवायचे आणि खण ओढला की दाखवायचे, एवढेच माझे काम.

ते दिवस भरभराटीचे होते. माझ्यासमोर कोपराला कोपर लागत. एक गृहस्थ बागकामाचे पुस्तक शोधायला आले आणि माझ्यासमोर इतका वेळ रेंगाळले की त्यांच्या बुटाला पालवी फुटली. सगळे म्हणत, कपाट असावे तर असे. मग कार्डे वाढली, लिहिणारे हात बदलले आणि गोंधळ माजला. एकच लेखक कुठे आडनावाने नोंदला गेला, कुठे नावाने, कुठे टोपणनावाने. त्याचे तीन तुकडे तीन खणांत राहू लागले. कार्डांवरच्या सालांवर विश्वास ठेवायचा तर त्यांतला एक वारला होता, दुसरा हयात होता आणि तिसऱ्याचा जन्म व्हायचा होता. तिघांची पुस्तके मात्र लोक आवडीने वाचत.

पुढे ठरले की माझी सगळी कार्डे यंत्रात भरायची. त्याआधी ती तपासून सारखी करायची, म्हणजे घाण यंत्रात जायला नको. या कामासाठी एक नव्या बाई आल्या. उंच, घाईच्या आणि पेन्सिल केसांत खोचून ती दिवसभर शोधणाऱ्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्या तीन लेखकांना एकत्र आणून एकाच माणसात कोंबले. साहेब खूश झाले. साहेब नियमांचे माणूस. ते शिंकतानाही अंगठा नियमांच्या पुस्तकात पानाची खूण म्हणून ठेवून शिंकत.

अशातच एक दिवस एक बाई आली. वाचनालयाची सभासद नव्हती. ओढणीला दोऱ्याचे तुकडे चिकटले होते, म्हणजे शिवणकाम करणारी असावी. तिने माझा एक खण ओढला आणि कार्डे उलटत एका जागी थांबली. डोक्यावर लाल शाईने लिहिले होते, मुके-बहिरे. खाली बारीक अक्षरात, हेही पाहा : मतिमंद, विकृती. तिने ते दोनदा वाचले आणि खण आत लोटला. शेजारचा बाहेर आला, तोही लोटला.

नव्या बाईंनी विचारले, काही मदत हवी का.

"नको," ती म्हणाली. "माझ्या मुलीचं काहीतरी शोधत होते. पण ती यातली कोणीच नाही."

मग दारापर्यंत गेली आणि कोणी न विचारताच परत येऊन बाकीचे सांगू लागली. मुलगी सहा वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नाही. दिवसभर हातांनी काहीबाही सांगत असते. घरात कोणालाच ते कळत नाही, म्हणून ती चिडते, चावते. थोरल्या जाऊबाईंनी आणि सासऱ्यांनी मिळून ठरवले आहे, सुट्टी संपली की तिला लांबच्या वसतिगृहात ठेवायचे. हातांनी बोलायचे शिकवणारे एखादे पुस्तक असते असे तिने ऐकले होते. "मला तिचं कळायला लागलं, तर पाठवायचं कशाला? एवढंच माझं म्हणणं." एवढे सांगून ती गेली. नाव, पत्ता काहीच ठेवले नाही.

नव्या बाईंनी तोच खण ओढून ते कार्ड वाचले. मग साहेबांकडे गेल्या. साहेबांचे म्हणणे असे, की शब्द पूर्वीपासून चालत आला आहे. तो बदलायचा तर त्याखालची सगळी कार्डे नव्याने लिहावी लागतील, आणि यंत्रवाले दाराशी येऊन ठेपले आहेत. नाव बदलल्याने पुस्तकातला मजकूर बदलतो का, असेही त्यांनी विचारले. बाई म्हणाल्या, मजकूर बदलत नाही, वाचणारा परत जातो. यावर नियमांच्या पुस्तकात काहीच नव्हते, म्हणून साहेबांनी नुसते पान उलटले.

बाईंनी मग कंबर कसली. जुनी कार्डे सळईवरून उतरवली, फाडली आणि नवीन लिहिली. लाल शाईने, टपोऱ्या अक्षरात, विशेष बालके. हा शब्द त्यांनी स्वतः निवडला होता आणि तो त्यांना फार गोड वाटला. 'वि' अक्षराच्या जागी कार्डे ओवून त्यांनी हात झटकले. त्या कार्डांच्या मागे मासिकांच्या विशेषांकांची कार्डे दाटीवाटीने उभी होती. ती थोडी सरकली आणि कुरकुरली, पण जागा दिली.

सुट्टीचे थोडेच दिवस उरले असताना शिवणकामवाली पुन्हा आली. नव्या बाई तेव्हा तळघरात होत्या. हिने जुनाच खण ओढला. तिथे आता काहीच नव्हते. मागच्या वेळी निदान अपमान तरी होता, या वेळी नुसती सळई. तिने साहेबांना विचारले. नवी जागा साहेबांना कोणी सांगितली नव्हती. त्यांनी खणात डोकावून पाहिले आणि अगदी सभ्यपणे सांगितले, कार्ड नाही म्हणजे पुस्तक नाही. ती गेली.

पुस्तक होते, मित्रांनो. त्याचे कार्ड चार खण पलीकडे होते. पण ज्याने आपल्या मुलीला कधी 'विशेष' म्हणून हाक मारली नाही, तो तिथे कशाला जाईल? मला ठाऊक होते, पण मला कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी कपाटाने कसे बोलायचे?

नव्या बाईंना हे कळले तेव्हा त्यांच्या केसांतली पेन्सिल खरोखरच हरवली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. आपण एवढे मनापासून केले आणि दार अधिकच घट्ट लावून टाकले, हे त्यांना सहन होईना.

वाचनालयात एक जुने सभासद होते, फोटोवाले काका. चौकात त्यांचे फोटोचे दुकान. दर आठवड्याला कडक इस्त्रीत बायकोसह येत, रहस्यकथांची चळत उचलत आणि जात. त्यांना ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत होते. पण हे त्यांना विचारावे असे आजवर कोणालाच सुचले नव्हते. नव्या बाईंनी त्यांना थांबवून नवीन कार्ड दाखवले. हा शब्द कसा वाटतो, असे विचारले. काकूंनी प्रश्न हातांनी काकांना सांगितला. काका इतके हसले की त्यांची टोपी माझ्या खणात पडली. मग त्यांचे हात भरभर चालू लागले आणि काकू सांगू लागल्या, मध्येमध्ये आपलेही चिकटवत.

"ते म्हणतात, विशेष म्हणजे काय? दुकानातले दर विशेष आहेत, मी साधाच आहे. दरांचं खरं आहे हो, मी रोज सांगते कमी करा."

नव्या बाई ओशाळल्या. मग काय लिहू, असे त्यांनी विचारले.

"बहिरा म्हणा, म्हणतात. ऐकू येत नाही, त्यात लपवायचं काय. पण मुका म्हणू नका. यांचं बोलणं तुम्हाला कळत नाही, ती तुमची अडचण." काकूंनी भर घातली, "आणि मुके कुठले? लग्न झाल्यापासून या माणसाची बडबड एक दिवस बंद नाही. मी स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहते तेव्हा कुठे मला शांतता."

काकांनी काकूंच्या ओठांवरून ते टिपले असावे. त्यांनी हाताची एक छोटी खूण केली. काकूंनी ती सांगितली नाही.

मग काकांनी विचारले, हातांच्या भाषेचे पुस्तक कुठे आहे. बाईंनी पुस्तकाचे कार्ड शोधून दाखवले. लाल ओळ नवी होती, पण खालची ओळ जुन्या कार्डावरून तशीच उतरवली गेली होती, हेही पाहा : मतिमंद, विकृती. काकांचे हसू गेले. त्यांनी दोन्ही हात घालून माझा तो अख्खा खण बाहेर ओढला, उचलून माझ्या दुसऱ्या बाजूला नेला आणि जिथे 'भाषा' असे लिहिले होते, त्या खणांवर ठेवून दिला. मग बाजूला उभे राहून हात झटकले.

साहेब कपबशी हातात धरून हे बघत होते. त्यांनी अंगठा पुस्तकातून काढला. त्यांची एक शंका होती, आणि ती बरोबर होती. ते म्हणाले, एखादा जुनाच शब्द मनात धरून आला तर? त्याला दुसरा शब्द माहीतच नसेल, तर तो त्या बाईसारखा रिकामा खण पाहून परत जाईल.

काकूंनी विचारले, काकांनी उत्तर दिले. "म्हणतात, जुन्या जागी एक कार्ड ठेवा, त्यावर बाण दाखवा. चुकीच्या नावानं का होईना, माणूस दारापर्यंत येऊ दे. आत आल्यावर मात्र नीट हाक मारा."

तसेच झाले. साहेबांनी स्वतःच्या हाताने ती कार्डे लिहिली. माणसांसाठी, बहिऱ्या व्यक्ती. पुस्तकासाठी, भाषा, आणि पुढे, हातांची. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे जगातल्या झाडून सगळ्या भाषा उभ्या होत्या. कोणी कुरकुर केली नाही. जुन्या जागी एकच कार्ड राहिले, इकडे पाहा म्हणून सांगणारे. विकृतीकडे बोट दाखवणारी ओळ त्यांनी अशी खोडली की कागद फाटला.

पण त्या शिवणकामवालीचा पत्ता कोणाकडे होता? नव्या बाई हळहळू लागल्या, तेव्हा काकू म्हणाल्या, ओढणीला दोरे चिकटलेली आणि सहा वर्षांच्या मुलीची आई, म्हणजे माझे कपडे शिवते तीच. मुलीला ऐकू येत नाही हे मात्र तिने कधी सांगितले नाही. माप कधी चुकत नाही, वेळ कधी पाळत नाही.

काकूंनी निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी ती आली, मुलीला घेऊन. पुस्तक उघडले. त्यात हातांची चित्रे होती. काकांनी एक चित्र पाहून काकूंना काहीतरी म्हटले. काकू म्हणाल्या, "विचारतात, हा माणूस बोलतोय की डास मारतोय?" मुलगी काकांच्या हातांकडे टक लावून बघत होती. चावत नव्हती, ओरडत नव्हती. मोठ्या माणसाचे हात तिच्याशी बोलताना तिने पहिल्यांदाच पाहिले होते. तिने उलट काहीतरी केले. काकांनी मान डोलावली आणि चुकीच्या चित्रांतल्या खुणा स्वतः नीट करून दाखवण्यासाठी तिथेच फतकल मारली. कडक इस्त्रीची वाट लागली. त्यानंतर दर आठवड्याला ते चौघे माझ्यासमोर बसत. सुट्टी संपली. मुलगी कुठेही गेली नाही. जाऊबाई थोड्या दिवसांनी नुसते बघायला म्हणून आल्या आणि त्याही बसल्या.

पुढे यंत्र आले. माझी कार्डे त्यात गेली, नीट केलेल्या नावांसकट. मी व्हरांड्यात गेलो. माझ्या खणांत आता जुन्या किल्ल्या, बल्ब आणि कोणाचा तरी डबा असतो. वाळवी अजून आलेली नाही. तिला म्हणे माझ्या लाकडाची चव कळत नाही, पण हेही करवतीने सांगितले होते.

एक दिवस शिवणकामवाली व्हरांड्यात नव्या बाईंना भेटली. सहज म्हणून सांगत होती. मुलगी रात्री दिवा मालवला की किंचाळायची. हट्टी म्हणून सगळ्यांनी तिला कितीदा रागे भरले. काल तिने हातांनी नीट सांगितले.

"म्हणाली, अंधारात कोणाचे हात दिसत नाहीत. सगळे घर सोडून गेल्यासारखं वाटतं." मग तिने चेहरा पुसला. "आता एक दिवा ठेवते."

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला रडू येत नाही. तुम्हीही माझ्यासाठी रडू नका. फार तर जाता-येता एखादे फडके मारा, आणि डबा ज्याचा असेल त्याने तो घेऊन जावा, त्याला वास येतो. पण तुमच्या हातात लाल शाई येईल, कधी ना कधी येतेच, तेव्हा कोणावर नाव लिहायच्या आधी त्याच्या समोर जाऊन बसा. त्याला विचारा. उत्तर हातांनी आले, तर दिव्याजवळ बसा.