गार्नेट वॉसचं भाषण

लॉयल पिट्झरला त्या जेवणाला जायचंच नव्हतं. इंडियानातल्या जुन्या रोडस्टर शर्यतवाल्यांचा मेळावा म्हणजे त्याच्या लेखी थापाड्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटायची सोय. पण नेवाने फोन करून सोबत मागितली, म्हणून तो आला. नेवा एमेट कॉलची बायको. एमेट अठ्ठेचाळीस साली इथल्याच मातीच्या ट्रॅकवर शर्यतीत अपघाताने गेला होता.

हॉलच्या दारात एक लाल रोडस्टर मांडली होती, आरशासारखी लखलखीत. लॉयलने तिच्याकडे पाहून नाक मुरडलं. तो, एमेट नि बाकीचे तरुणपणी भंगारातली फोर्ड आणायचे, छत नि मडगार्डं कापून काढायचे, दारं वेल्ड करायचे आणि रविवारी धुळीत पळवायचे. रंगाला वेळ होता कुणाला?

जेवण झाल्यावर त्यांच्याच वेळचा शर्यतवाला गार्नेट वॉस बोलायला उठला. पांढरे बूट, अंगावर नवंकोरं रेसिंग जाकीट. एमेटची गाडी उलटली तेव्हा आपण शर्यत सोडून धावलो, पेटत्या गाडीतून त्याला बाहेर ओढलं, हे त्याने डोळे पुसत सांगितलं. लोकही डोळे पुसू लागले. लॉयलला त्या लोकांचीच जास्त किळस आली.

नेवाने हळूच विचारलं, "हे खरं आहे?"

"बाहेर मी काढला त्याला. मदतीला रे कॉफमन होता, आमच्यातलाच. हा बाजूने निघून गेला," लॉयल म्हणाला. "प्रत्येक वळणावर भिऊन अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलणारा माणूस. आयुष्यात एकदाच त्याने पाय उचलला नाही, तो तिथे. शर्यतही जिंकला."

"इतकी वर्षं मला बोलला नाहीस."

"तो माणूस बोलण्याच्या लायकीचाच नाही."

नेवाने रुमालाने हात पुसले आणि ती उठून वॉससमोर उभी राहिली. शेवटी एमेट काही बोलला का, एवढंच तिने विचारलं.

वॉसने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "तुझं नाव घेतलं त्याने, नेवा. माझ्या मांडीवर डोकं होतं त्याचं."

"त्याची मान जागच्या जागी मोडली होती, गार्नेट," ती म्हणाली. "डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं मला." तिने हात सोडवून घेतले आणि त्याच्या जाकिटाला पुसल्यासारखे केले.

पुढच्या टेबलांवरच्यांनी हे ऐकलं. मागे कुणाला ऐकूच गेलं नव्हतं. आयोजकाने घाईघाईने माइक घेतला, वॉसला पितळी पाटी दिली, आणि टाळ्या पडल्या. पुढच्या टेबलांवरूनसुद्धा पडल्या.

लॉयलने नेवाचा कोट आणला. दोघं पार्किंगमध्ये आले. गाडीत बसल्यावर ती थोडा वेळ रडली. त्याने इंजिन चालू केलं नाही, वाट पाहिली.

"माणसाने खोटं बोलावं, पण निदान डोकं लावून," शेवटी ती नाक शिंकरत म्हणाली.

"डोकं असतं तर त्या एका शर्यतीखेरीज दुसरी एखादी जिंकला नसता का?" लॉयल म्हणाला आणि त्याने किल्ली फिरवली.