उतरलेलं पाणी

मुकुंदवाडीहून समुद्र पाहायला आम्ही चौघं निघालो: मुलगा सुयश, सून मेघा, सहा वर्षांची नात संस्कृती आणि मी. कोकणातला तो किनारा लेकराबाळांसाठी चांगला, लाट घोट्याच्या वर येत नाही, असं सुयशला वाळूजच्या कारखान्यातल्या सोबत्यांनी सांगितलं होतं. तसाच होता. मला मात्र तो जरा जास्तच गप्प वाटला.

दुपारी पाणी मागं सरलं आणि दूरवर एक काळा खडक उघडा पडला. संस्कृतीला तिथले शिंपले हवे होते. मेघा नको म्हणाली. शहाळी विकणाऱ्या बाईनंही हटकलं, "आजी, भरती लागेल आता. तुम्ही दुष्काळाकडची माणसं, पाणी दिसलं की धावत सुटता."

"बाई, माझा संसार जायकवाडीच्या काठाला झालाय. उतरलेलं पाणी पावसाळ्याबिगर परत येत नाय."

उन्हाळ्यात धरण उतरलं की सासरे मोकळ्या गाळात काकड्या लावायचे. आषाढापर्यंत पाणी तिकडं फिरकायचं नाही. कितीतरी वर्षं मी तेच पाहिलं होतं.

सुयश हसला. "जाऊ दे गं मेघा, आई हाय की संगं."

खडकापर्यंतची वाळू सखल होती, पण पाणी नव्हतं. संस्कृती शिंपले वेचून माझ्या पदरात टाकत होती. मी समुद्राकडं तोंड करून बसले. पाणी आलंच तर समोरून येईल, मला दिसेल. समोर काहीच हललं नाही.

मागं वळले, तर आमच्या आणि किनाऱ्याच्या मधे पाणी भरलं होतं. आवाज न करता. पलीकडं मेघा हात हलवत धावत होती. तिचं ओरडणं ऐकू येत नव्हतं.

सुयश छातीभर पाण्यातून आला. "आई, दोघींना नाय नेता येणार."

"तिला ने."

पोरीला खांद्यावर घेऊन तो गेला. मधेच तो हनुवटीपर्यंत बुडाला, तेव्हा मी डोळे मिटले. मला न्यायला होडी आली तोवर खडक दिसेनासा झाला होता आणि मी गुडघाभर पाण्यात उभी होते.

किनाऱ्यावर मेघा पोरीला कवटाळून बसली होती. परतताना गाडीत संस्कृती सवयीनं माझ्या मांडीवर यायला निघाली.

"इकडं बस." मेघानं तिला ओढून घेतलं.

"आजीजवळ."

"नाय म्हटलं ना."

सुयश आरशातून आमच्याकडं पाहत होता. मग त्यानं नजर रस्त्याकडं वळवली. घर अजून आठ तास लांब होतं.