रोमानियामार्गे वर्धा

उज्वलानं अकराव्यांदा 'नवा रस्ता' हे बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसली. देवळीहून वर्धा एसटीनं फार तर पाऊण तास. ती मात्र सकाळपासून जर्मनी, हॉलंड, रोमानिया असे वळसे घेत निघाली होती आणि दरवेळी वर्ध्याच्या वेशीवरून परत फिरत होती.

पडद्यावर पुन्हा तीच तांबडी पाटी आली. 'गुप्त जाळ्यावरून येणाऱ्यांना प्रवेश नाही.'

"दाराले कुलूप लावते बुढा," ती पुटपुटली, "अन् घरात साप पोसते."

हा बुढा म्हणजे भैयाजी. वर्ध्यात ते समाजाचं वधू-वर सूचक मंडळ चालवत, आणि मंडळाच्या संकेतस्थळावर हिंगणघाटचा धर्मेंद्र पुन्हा उगवला होता. उंची पाच फूट नऊ, निर्व्यसनी, 'प्रथम वर'. प्रथम! उज्वलाची धाकटी बहीण मंजुषा या प्रथम वराच्या घरी आठ महिने नांदली होती आणि मोडून वाकडं जुळलेलं डावं मनगट घेऊन परत आली होती. बोलणी सुरू झाली की माहितीखाली तसं लिहायचं, म्हणजे दुसऱ्यांनी मध्ये पडू नये, अशी मंडळाची रीत. धर्मेंद्रच्या नावाखाली लिहिलं होतं : 'बोलणी सुरू – कु. आचल, आंजी (मोठी).'

प्रत्येक स्थळाखाली अभिप्रायाची चौकट असे. तिथं कुणालाही बिननावाचं लिहिता येई. आचलचं नाव वाचून आठ दिवसांपूर्वी उज्वलानं आपल्या ऑनलाइन केंद्रातून दोन ओळी टाकल्या. वीस मिनिटांत ओळी गायब झाल्या आणि भैयाजींचा फोन आला.

"उज्वलाताई, तुमच्या दुकानातून घाण येऊन राह्यली. दुकान समाजाच्याच भरवशावर चालते ना?"

देवळीतल्या निम्म्या मुलींचे बायोडाटे ती याच कनेक्शनवरून भरत असे. तिचा पत्ता त्यांच्या यंत्राला तोंडपाठ होता. दुकानाचं तिला भय नव्हतं. पण दीड वर्ष मागच्या खोलीत बसून काढल्यावर मंजुषा आत्ता कुठं काउंटरवर बसू लागली होती. गिऱ्हाइकं तिला 'मंजूताई' म्हणू लागली होती. त्यांना पुन्हा तिच्या मनगटाकडे पाहायला लावायचं नव्हतं.

मग उज्वला लपायला शिकली. शिकवणारं कुणी नव्हतंच. दहावीनंतरचं सगळं ती असंच शिकली होती, व्हिडिओ थांबवत, मागं नेत, वहीत उतरवत. आपलं पत्र तीन परक्या यंत्रांच्या हातून जातं आणि ते आलं कुठून हे पलीकडच्याला कळत नाही, असं ते जाळं होतं. भैयाजींच्या यंत्रवाल्याकडे मात्र शेवटच्या यंत्रांची यादी होती. त्यातला पत्ता दिसला की दार बंद. दोन दिवस तिनं जाळ्यात शिरायच्या गुप्त पुलांवर घालवले. पूल आपलं निघणं झाकतात, पोचणं नाही, हे कळल्यावर ती स्वतःलाच हसली. घरून निघताना तोंड झाकायचं आणि त्यांच्या अंगणात पदर काढायचा, असला तो प्रकार.

आज दुपारी मात्र सोपी गोष्ट सुचली. जाळ्याच्या शेवटी तिनं एक साधं मध्यस्थ संकेतस्थळ बसवलं, दुसऱ्याच्या वतीनं पान मागवून आणणारं. ते कुठल्याच यादीत नव्हतं.

पाटी आली नाही. धर्मेंद्र आला, निळ्या कोटात, हसत.

"या जावईबापू," उज्वला म्हणाली.

आठ दिवस घासूनपुसून ठेवलेली वाक्यं तिनं भराभर टाइप केली. मनगटाचं लिहिलं, त्याच्या आईनं बाहेरून लावलेल्या कडीचं लिहिलं. लिहिताना तोंडाला गोड चव आली. हे वाचताना त्याच्या आईचा चेहरा कसा होईल, हेच ती रोज झोपताना पाहत होती. नाव तेवढं घातलं नाही.

पाठवण्याआधी एक पुरावा जोडावा असं वाटलं. जुन्या पानांच्या नकला जपणारं एक संकेतस्थळ तिला ठाऊक झालं होतं. मंजुषाच्या लग्नाआधीचं धर्मेंद्रचं पान तिथं सापडलं. तोच कोट, तेच 'प्रथम वर'. आणि खाली अभिप्रायात, भैयाजींनी पुसण्याआधी नक्कल झालेल्या दोन ओळी :

'याचं एक लग्न झालेलं आहे. तिला मारून हाकललं. मुलीवाल्यांनी चौकशी करावी. – एक हितचिंतक.'

उज्वला किती वेळ वाचत होती कोण जाणे. मंजुषा चहाचा कप घेऊन मागं उभी राहिली, तरी तिला कळलं नाही.

"हे बुढ्यानं पुसलं नाई का अजून?" मंजुषा म्हणाली.

"तू... तुले माहीत होतं हे?"

"तवाच वाचलं होतं मी."

"मंग बोलली काऊन नाई?"

"बोलली ना. तुलेच." मंजुषानं कप टेबलावर ठेवला. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "इथंच उभी होती मी. तू म्हणे, मंजे, चांगल्याच स्थळाले निनावी चिठ्ठ्या येतात. लोक जळतात म्हणे. ज्याच्यावर चिठ्ठी नाई त्याच्यात काई दम नाई."

उज्वलानं माऊसवरचा हात काढून घेतला. दुसऱ्या चौकटीत तिच्या ओळी पाठवायच्या तयारीत उभ्या होत्या, बिननावाच्या. आंजीत कुणीतरी ताई त्या वाचेल आणि आचलच्या पाठीवर थाप मारेल.

तिनं सगळं पुसलं. एकेक अक्षर.

"आंजीले जाऊन येतो मी," ती उठत म्हणाली. "तोंडानं सांगतो."

"तुह्यं काऊन ऐकतीन ते? लग्न काय तुह्यं झालतं?"

चहावर साय धरू लागली होती.

"लग्नाचा फोटो काढ एक," मंजुषा म्हणाली. "रंगीत. मोठा."

"तूच तं म्हणे, सगळे मिटवून टाक."

"मिटवले तू?"

उज्वलानं खाली बसून 'वीजबिल जुने' नावाचा फोल्डर उघडला.

प्रिंटर दम लागल्यासारखा एकेक ओळ सोडू लागला. आधी मांडवाची झालर आली, मग अक्षता टाकणारे हात, मग मुंडावळ्यांखाली हसणारा धर्मेंद्र. भैयाजी स्वतः त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, हे उज्वला विसरूनच गेली होती. सगळ्यात शेवटी मंजुषा आली.

मंजुषानं कागद उचलला, उजेडाकडे धरला. मग डाव्या हातात घेतला, मनगट बाहेर राहील असा.

"दहा काढ," ती म्हणाली.

"दहा? अवं, आंजीत एकच घर हाय."

"आंजीत एकच हाय," मंजुषा म्हणाली, आणि तिनं ट्रेमध्ये नवे कागद सरकवले.