सोळा मात्रा

नागप्पानं पुन्हा सुरावटीतल्या त्याच जागी क्लॅरिनेट तोंडाला लावली, तशा उज्वलाबाईंनी पियानोवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

"नागप्पा, ही जागा कुणाची?"

"तनुजाची."

"मग तिथं तुम्ही काय करून राहिलात?"

गुडघ्यांत चेलो धरून बसलेली तनुजा ओठ दाबून हसली. हैदराबादेत शिकणारी ही सोळा वर्षांची पोर सुटीपुरती लातूरला आली होती.

"बाई, जागा रिकामी दिसली की फुंक जातीच. वरातीत आपण थांबलो की घोडा बी थांबतो. नवरदेवाचा बाप खेकसतो, जेवाया बसला का रं म्हणून!"

"इथं घोडा न्हाई," तनुजा म्हणाली.

उज्वलाबाईही हसल्या. मग शाळेतल्या पोरांना समजवावं तशा सावकाश म्हणाल्या, "सोळा मात्रा ती एकटी वाजवणार, माझे खाली नुसते दोन सूर. तुम्ही नुसतं मोजायचं. रविवारपर्यंत जमलं नाही, तर तुमच्या जागी व्हायोलिन घ्यावं लागेल मला."

नागप्पानं क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळली. निलंग्याच्या बँडमध्ये त्याची चाळीस वर्षं गेली होती. लोक त्याच्यापुढं नाचले, त्याच्या सुरावर पंगती उठल्या. पण खुर्चीत बसून, गप्प राहून कुणी त्याला ऐकलं नव्हतं. रविवारी कार्यक्रमाला बाईंच्या शाळेच्या सभागृहात दीडशे खुर्च्या मांडणार होते.

परतताना एसटीत तो बोटांच्या पेरांवर सोळा मोजत राहिला. शेजारच्या म्हातारीनं विचारलं,

"जप करून राहिला का, बाबा?"

"हाव," तो म्हणाला.

रविवारी खुर्च्या भरल्या. तिघांचे सूर एकमेकांत मिसळत गेले आणि ती जागा आली. नागप्पानं क्लॅरिनेट खाली घेतली, बुटातला अंगठा हलवला. एक, दोन, तीन...

सहाव्या मात्रेला तनुजाचा गज तारांवरच थांबला.

तिची नजर समोरच्या कागदावर भिरभिरली. पुढची ओळ सापडेना. उज्वलाबाईंचा डावा हात तेच दोन सूर हलके हलके वाजवत राहिला. कुणीतरी खाकरलं. बाईंनी नागप्पाकडं पाहून हनुवटी उचलली: भरा.

तिची ओळ त्याला तोंडपाठ होती. क्लॅरिनेट आपसूक वर आली. तेवढ्यात त्यानं तनुजाकडं पाहिलं. ती त्याच्याचकडं बघत होती, डोळे पाण्यानं भरलेले.

त्यानं क्लॅरिनेट मांडीवर आडवी ठेवली. उजवा पाय थोडा पुढं घेतला आणि तिला दिसेल असा, बाईंच्या सुरांवर सावकाश टेकवू लागला. एक. दोन.

तनुजा त्या बुटाकडं पाहत राहिली. चौथ्याला तिनं श्वास घेतला. पाचव्याला गज हलला.

सूर आधी कापरा होता, मग सरळ झाला, मग रुंद होत सभागृहभर पसरला. खुर्चीत बसून नागप्पा ऐकत होता. पाय कधी थांबला, त्याला कळलं नाही.

सोळा मात्रा झाल्या. शेवटी बाईंनाच मान हलवून त्याला सुरांत परत बोलवावं लागलं.