दुधीच्या नूडल्स

साखर तीनशेच्या पुढे गेली, तसा डॉक्टरांनी ललितला दमच भरला, मैदा बंद! आणि हा बाबा लेकीच्या नादानं दर रविवारी बशीभर पास्ता हाणायचा. मनीषानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्या साखरेचा धसकाच घेतला. तिचे वडील साखरेपायीच गेले होते, आधी पाय कापून. नवऱ्याला तसं जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात.

दोन हजार सहा साल. इंदिरानगरातल्या भिशीत कुणीतरी तिला सांगितलं, पास्त्याऐवजी भाजीच्याच नूडल्स कर, पोटाला हलक्या. मग काय! रविवारी तिनं दुधीच्या लांब पट्ट्या काढल्या, विळीवर शेवयांसारख्या चिरल्या आणि लसूण-टोमॅटोत परतल्या. एरवी दुधी चिरताना ती एक चकती आधी चाखायची, कडू निघाला तर सरळ फेकायची. पण त्या दिवशी संकष्टी. चंद्र दिसेपर्यंत जिभेला काही लावायचं नाही, हा तिचा हट्ट. चाखून थुंकली असती तर काय देव कोपणार होता? पण नाही.

"शी! आई, कडू आहे हे," सहावीतल्या साक्षीनं पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं.

"नखरे पुरे. बाबा कसे मुकाट खातायत बघ."

ललितलाही कडूच लागत होतं. पण तो रोज सकाळी कारल्याचा रस पिणारा माणूस. "कडू म्हणजे साखरेला चांगलंच की," तो हसला, आणि लेकीला बोलणी नकोत म्हणून तिची बशीही त्यानं पुढ्यात ओढली. मनीषाला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

तासाभरात उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताच्या. कडू दुधी विषारी असतो, हे दवाखान्यात कळलं. तिसऱ्या दिवशी ललित गेला.

भेटायला येणारे म्हणायचे, साखरेनं नेलं. मनीषा मान हलवायची. खरं सांगायची तिची छातीच होत नव्हती. दहाव्याला थोरल्या नणंदेनं, वत्सलाबाईंनी, साक्षीला जवळ घेतलं. "रडू नको गं. साखरेपुढे कुणाचं चालतं?"

"साखर नाही, आत्या. माझी बशी बाबांनी खाल्ली. मी घेऊ दिली."

मनीषा ताडकन उठली. "तू नाही गं, बाळा! मी मारलं त्यांना. उपासापायी मी दुधी चाखला नाही. मला कळलंच नाही कडू आहे ते!"

साक्षीनं आईकडे पाहिलं.

"मी सांगितलं होतं ना तुला."