पँट्रीतल्या पंख्याची कबुली

मित्रांनो, मी एक जुना एक्झॉस्ट फॅन आहे. तुमच्या डोक्यावर गरगर फिरून गार वारा देणारा ऐटबाज पंखा वेगळा. उन्हातून आलेला माणूस त्याच्याकडे मान वर करून बघतो आणि "हुश्श" करतो. माझ्याकडे कुणी बघत नाही. मी भिंतीतल्या एका गोल भोकात बसतो आणि खोलीतली नकोशी हवा बाहेर टाकतो. या कामात नाक मुरडून चालत नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे लांब बाकावर बसून बायका तांब्याच्या तारा गुंडाळत असत. माझी तार गुंडाळणाऱ्या बाईने मला पहिल्यांदा फिरवले तेव्हा माझ्यासमोर कागदाची एक पट्टी धरली होती. पट्टी फडफडत पुढे गेली. "बरोबर," ती म्हणाली आणि माझ्या कडेवर तिने लाल रंगाचा एक बाण उमटवला. हवा कुठून कुठे जाणार ते सांगणारा तो बाण. तेव्हा मला वाटले होते, हे नुसते शोभेचे कुंकू आहे. त्या बाणाची किंमत मला बावीस वर्षांनी कळली.

मला विकत घेतले ते घरांचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसने. आठ टेबले, एक केबिन आणि मागच्या बाजूला चिंचोळी पँट्री. पँट्रीच्या भिंतीत मला बसवले. माझे तोंड पँट्रीत आणि पाठ बाहेर, मागच्या लोखंडी जिन्याकडे. त्यामुळे आतले डबे आणि बाहेरचा जिना, दोन्ही माझ्या ओळखीचे झाले.

त्या ऑफिसात एक जुने नकाशेकार आहेत. सगळे त्यांना बाणकाका म्हणतात. आता नकाशे संगणकावर होतात, पण प्रत्येक नकाशा छापून आधी काकांपुढे येतो. काका लाल पेन्सिल घेतात, त्यातले स्वयंपाकघर शोधतात आणि तिथून बाहेर जाणारा एक छोटा बाण काढतात. हवा बाहेर कुठून जाणार ते ठरल्याशिवाय नकाशा त्यांच्या टेबलावरून हलत नाही. तीस वर्षांचा हा नेम आहे. लोक पाठीमागे हसतात, पण बाण नसलेला नकाशा कुणी पुढे पाठवत नाही.

मित्रांनो, मी किती वास घेतले म्हणून सांगू! उतू गेलेले दूध, लसणाची फोडणी, उकडलेला कोबी, अंडी, संत्र्याच्या साली, फ्रिजमागे पडून महिनाभर विसरलेले अर्धे लिंबू. डबा उघडला की मला त्या घराची सकाळ कळायची. कुणाकडे पाहुणे आले आहेत, कुणाकडे भांडण होऊन नुसता कोरडा पाव आला आहे, सगळे कळायचे. मी कुणाला नावे ठेवली नाहीत. आले ते उचलले आणि बाहेर सोडले. एकदा कुणीतरी पाव जाळून धुराचा लोट उठवला, तेव्हा मी पाच मिनिटांत पँट्री मोकळी केली. काकांनी माझ्या खालच्या भिंतीवर थाप मारली होती. इतक्या वर्षांत मिळालेली तेवढीच शाबासकी. बाकी तेल, धूळ आणि काजळी यांचे थर चढत गेले. माझा लाल बाण त्यांच्याखाली कधी दिसेनासा झाला, मलाही कळले नाही.

मग एक नवीन ताई कामाला लागली. हात चांगला, स्वभाव अबोल. तिच्या डब्यात आठवड्यातून दोन-तीनदा लसूण आणि तिखट घालून परतलेले सुके मासे असत. त्यांचा वास काय असतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून कळायचे नाही. पँट्री सांभाळणाऱ्या मावशींनी एकदा तिला विचारले, "अगं, वासाचं काही वाटत नाही का तुला?"

"वाटतं हो, मावशी," ताई म्हणाली. "पण सासूबाईंना आता फारसं दिसत नाही. सगळी कामं सुटली त्यांची. माझा डबा मात्र त्याच भरतात. चाचपून, वास घेऊन. ते एकच काम त्यांच्या हातात राहिलंय. ते कसं काढून घेऊ मी?"

म्हणून ताई काळजी घ्यायची. पँट्रीचे दार लावायची, माझे बटण दाबायची, खाऊन झाले की डबा लगेच घासायची आणि टेबल पुसून काढायची. उरलेले काम माझे. मी तो वास असा मागच्या मागे जिन्यावर टाकायचो की बाहेर हॉलमध्ये कुणाला पत्ताही लागत नसे. चार महिने असेच सुखात गेले.

आणि मग, मित्रांनो, माझी आंघोळ झाली.

मावशी वर्षभर मागे लागल्या होत्या, "तो फॅन एकदा काढून द्या, मला बघवत नाही त्याच्याकडे." शेवटी वायरमन आला, त्याने मला उतरवले आणि मावशींनी गरम पाण्यात सोडा घालून मला खसाखसा घासले. बावीस वर्षांचा मळ निघाला. त्याच्याबरोबर तो लाल बाणही निघून गेला. वायरमनला पुढच्या कामाची घाई होती. त्याने मला इकडून तिकडून फिरवून पाहिले, भोकात बसवले, स्क्रू आवळले आणि बटण दाबले.

"फिरतोय ना? मग झालं!" तो म्हणाला.

"नव्यासारखा दिसतोय," मावशी म्हणाल्या.

त्याने मला उलटा बसवला होता. माझे तोंड आता जिन्याकडे होते आणि पाठ पँट्रीकडे. बाहेरची हवा मी आत ओढू लागलो. मला जीव तोडून ओरडायचे होते, पण माझ्या तोंडी एकच शब्द आहे, घर्रर्र. तो तर मी रोजच बोलतो.

दुसऱ्या दिवशी ताईने नेहमीप्रमाणे दार लावले आणि माझे बटण दाबले. बिचारी! मी सगळा वास दारावरच्या झरोक्यातून हॉलमध्ये ढकलला, थेट मॅडमच्या केबिनपर्यंत. वास आला म्हणून मावशींनी माझा वेग वाढवला. वेग वाढला म्हणून वास वाढला.

मॅडम म्हणजे या ऑफिसच्या प्रमुख. कामाला चोख, पण अत्तर असे भरपूर की त्या जिना चढायला लागल्या की वर टेबलांवर बातमी पोचायची. कोपऱ्यातल्या टेबलावरचे दादा त्या वासाने दुपारपर्यंत कपाळ धरून बसायचे. पण मॅडमना सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी पुढे होत नव्हते. ताईशीही कुणी बोलले नाही. लोक मोठ्याने खिडक्या उघडायचे, एकमेकांकडे बघून रुमाल नाकाला लावायचे. कुणीतरी तिच्या टेबलावर गुपचूप सुगंधी फवाऱ्याची बाटली ठेवली. तोंडाने बोलले असते तर तिला एवढे लागले नसते.

आठवड्याने पँट्रीच्या दारावर नोटीस लागली. 'उग्र वासाचे डबे ऑफिसात आणू नयेत.' त्यात नाव नव्हते. पण ती वाचून झाल्यावर सगळ्या माना एकाच टेबलाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवसापासून ताई डबा घेऊन मागच्या जिन्यावर जाऊन बसू लागली. तिथल्या पायऱ्यांवर सावली असते, आणि ती जागा नेमकी माझ्यासमोर आहे. ती बाहेर बसून, पाठ फिरवून, घाईघाईने खायची, आणि मी तिच्या डब्यातला वास ओढून पुन्हा हॉलमध्ये पाठवायचो. मित्रांनो, मी एवढा लाजलो की बंद पडावेसे वाटले. पण माझे बटण माझ्या हातात नाही, आणि वास जावा म्हणून मावशी मला दिवसभर चालूच ठेवत होत्या.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी तिला पँट्रीत बोलावले.

"नोटीस वाचलीस ना?"

"वाचली, मॅडम. मी आत नाही खात. बाहेर जिन्यावर खाते."

"मग हा वास काय हवेतून येतो? निदान खोटं तरी बोलू नकोस."

तो हवेतूनच येत होता हो! ताईचा चेहरा पांढरा पडला. डब्यावरून बोलणे तिने गिळले होते, पण खोटारडी म्हटलेले तिला गिळता आले नाही.

दुसऱ्या दिवशी ती जिन्यावर आली तेव्हा डबा उघडलाच नाही. मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. थोड्या वेळाने मागचे दार वाजले आणि बाणकाका आपला डबा घेऊन आले. एका आजारपणात काकांची वासाची जाणीव कायमची गेली आहे. फुलेही त्यांना सारखीच आणि गटारही सारखेच.

"सरक जरा," ते म्हणाले. "माझ्या नाकाचा काही उपयोग नाही. तुझ्या डब्याला माझ्याइतकी चांगली सोबत मिळायची नाही."

ताई हसली नाही. तिने पर्समधून एक कागद काढून त्यांच्या हातात दिला. "काका, शब्द बरोबर आहेत का बघता? संध्याकाळी मॅडमना देणार आहे."

काका कागद उजेडात धरून वाचायला उभे राहिले. तो राजीनामा होता. "अगं, पण घरी काय सांगणार आहेस?"

"सासूबाईंना काहीच सांगणार नाही. डबा घेऊन रोज निघेन आणि दुसरीकडे काम शोधत फिरेन. त्यांनी भरलेल्या डब्यामुळे माझी नोकरी गेली, हे त्यांना कळलं तर त्या पुन्हा स्वयंपाकघरात पाऊल टाकायच्या नाहीत."

आता मी जे केले ते मी आयुष्यात कधी केले नव्हते. मला केलेच पाहिजे होते, आणि उलटा बसल्यामुळेच मला ते जमले. काकांच्या हातातला कागद माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. कागद काकांच्या बोटांतून सुटला आणि चट्‌कन माझ्या जाळीला येऊन चिकटला. आणि मी तो सोडला नाही.

काका तो काढायला पुढे झाले आणि मध्येच थांबले. त्यांनी कागद सोडवला, पुन्हा धरला. तो पुन्हा चिकटला.

"ही बाहेरची बाजू ना?" ते हळूच म्हणाले. "कागद उडून खाली रस्त्यावर जायला हवा होता. हा आत कसा ओढला जातोय?"

मग त्यांनी कपाळावर हात मारला. "तीस वर्षं लोकांच्या घरात बाण काढतोय मी! आणि आमच्याच पँट्रीत हवा उलटी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!" आणि जिना दणाणेल एवढ्या मोठ्याने त्यांनी हाक मारली, "मॅडम! सगळे इकडे या!"

आठही टेबले रिकामी झाली. लोखंडी जिन्यावर दाटीवाटीने उभे राहून सगळ्यांनी तो चिकटलेला कागद पाहिला. घरांची हवा कुठून खेळते ते ठरवणारी ही माणसे एकमेकांच्या नजरा चुकवू लागली. मॅडमनी कागद माझ्यावरून काढला आणि सवयीने वाचला. वाचून झाल्यावर त्या ताईकडे वळल्या.

"मी तुला खोटारडी म्हणाले," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. नोटीस लावण्याआधी तुझ्याशी बोलायला हवं होतं. हे पत्र परत घेशील?"

ताईचे डोळे भरून आले. "घेईन. पण मॅडम, मीही एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल."

"तुमच्या अत्तराने माझं डोकं दुखतं. आणि कोपऱ्यातल्या दादांचं तर फारच."

दादा आपल्या चपलांकडे बघू लागले. मॅडमचा चेहरा आधी लाल झाला आणि मग एकदम थकलेला दिसू लागला.

"माझे वडील अंथरुणावर आहेत," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी त्यांचं सगळं आवरून मी येते. औषधांचा, आजारपणाचा वास अंगाला राहिला असेल अशी धास्ती वाटते. म्हणून मारते, पुन्हा पुन्हा मारते. आता मला स्वतःला तो वास येतसुद्धा नाही. कुणी सांगितलंच नाही."

"मला विचारायचं ना," काका म्हणाले. "मी रोज सांगितलं असतं, कसलाच वास येत नाही म्हणून!" आणि मॅडमसकट सगळे हसले.

मावशींनी त्याच दुपारी वायरमनला बोलावून घेतले. या वेळी काका त्याच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी मला सरळ बसवून घेतले. दारावरची नोटीस काढून टाकली. ताईने घरी सासूबाईंना सगळे खरे सांगितले. त्या आधी खूप हसल्या म्हणे, आणि आता मासे घट्ट झाकणाच्या बरणीत भरतात. ताईही मासे ऑफिसात गरम करत नाही, गारच खाते. मॅडम अत्तराची बाटली घरी ठेवून येतात. त्या आल्या की आता साबणाचा आणि धुतलेल्या कपड्यांचा वास येतो, आणि दादा त्यांना मान वर करून "नमस्कार" म्हणतात. दोघींनी थोडे थोडे सोडले, आणि दोघींचेही काही बिघडले नाही.

माझ्या कडेवर आता पुन्हा एक लाल बाण आहे. तो काकांनी नाही, ताईने काढला. काकांनी स्वतः आपली पेन्सिल तिच्या हातात दिली होती.

मित्रांनो, मी आता खडखडतो. पुढच्या वर्षी कदाचित माझ्या जागी नवा फॅन येईल. त्याआधी तुमच्याकडे एकच मागणे आहे. जिथे चार माणसे एकाच हवेत श्वास घेतात, तिथे आपला वास आपल्याबरोबर बसतो हे विसरू नका. डब्याचे झाकण घट्ट लावा, अत्तर हात आखडून वापरा. आणि दुसऱ्याचा वास सहन होत नसेल तर भिंतीवर लिहू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि हळू आवाजात सांगा. त्याच्या वासामागे एखादी डोळ्यांनी अधू झालेली सासू असते, एखादे अंथरुणावरचे वडील असतात.

आणि अधूनमधून माझ्यासारख्यांकडेही बघत जा. ताईने तो राजीनामा फाडला, त्याची एक लांब पट्टी काकांनी माझ्या बाहेरच्या जाळीला बांधली आहे. मी चालू झालो की ती जिन्याच्या दिशेने फडफडते. रोज दुपारी ताई पँट्रीचे दार लावते, बटण दाबते, माझ्या पात्यांमधून एकदा त्या पट्टीकडे बघते, आणि मग सासूबाईंनी भरलेला डबा निवांत उघडते.